मोबाइलवर नर्सिंग शिकता येतं का?

बंगळूरच्या मल्लेश्वरममधून बोलतोय. मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण बेळगाव, बिदर, सोलापूरकडचे ओळखीचे पालक विचारतात, "साहेब, मुलीला नर्सिंगला घालायचंय. ऑनलाइन कोर्स चालेल का?"

आधी रोखठोक उत्तर. जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग घरबसल्या होत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात वॉर्डात काम करण्याचे तास ठरलेले आहेत. 'घरबसल्या नर्स बना' अशी जाहिरात दिसली, तर एक रुपयाही भरू नका.

मग ऑनलाइन शिक्षण कुचकामी का? तसंही नाही. सलाईनचं गणित घ्या. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचंय आणि सेटमधून १ मिलीला २० थेंब पडतात. म्हणजे १०,००० थेंब, २४० मिनिटांत. मिनिटाला साधारण ४२. हे व्हिडिओवर उत्तम शिकता येतं. समजलं नाही तर मागे नेऊन दहादा बघा, वर्गात दहादा विचारायला मुली लाजतात. औषधांचे डोस, शरीररचना, जंतुसंसर्ग, हेही तसंच.

पण तेच सलाईन लावायला शीर सापडावी लागते. म्हाताऱ्या माणसाची शीर बोटाखालून सरकते, लहान मूल हात झटकतं, शेजारी नातेवाईक डोळे वटारून उभे असतात. फौजेत आम्ही रायफल उघडणं-जोडणं फळ्यावर समजून घ्यायचो, पण हात बसायचा तो अंधारात शंभर वेळा केल्यावर. इथेही आधी पुतळ्यावर, मग शिकवणाऱ्या सिस्टरच्या नजरेखाली रुग्णावर, हाच क्रम.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेजं बंद पडली, तेव्हा थिअरी मोबाइलवर निभावली. प्रॅक्टिकलची भरपाई मात्र वॉर्डातच करावी लागते. नेटवर्कसाठी गच्चीवर चढणाऱ्या खेड्यातल्या मुलींचे हाल वेगळेच.

ऑनलाइन खरं फळतं ते आधीच नर्स असलेल्यांना. आमच्या बंगळूरच्या निम्हान्सने २०१८मध्ये डिजिटल अकादमी सुरू केली. मानसिक आरोग्याचे तिचे अभ्यासक्रम डॉक्टरांबरोबर नर्सेससाठीही आहेत. इग्नूनेही नोकरीतल्या नोंदणीकृत नर्सेससाठी दूरशिक्षणाने पोस्ट बेसिक बीएस्सी चालवलं, तेही प्रत्यक्ष प्रशिक्षण जोडूनच. कारण उघड आहे: हात आधीच तयार असतो, ज्ञानाची भर घालायची असते. रजा न काढता, घर सोडल्याशिवाय शिकता येतं, ही लहान गोष्ट नाही.

तेव्हा कॉलेज बघायला जाल तेव्हा 'स्मार्ट क्लासरूम' बघून भुलू नका. मुली कोणत्या रुग्णालयात जातात, तिथे रोज किती रुग्ण असतात, वॉर्डात शिकवायला बरोबर कोण असतं, एवढं विचारा. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींशी कॅन्टीनमध्ये बोला. त्या प्राचार्यांपेक्षा खरं सांगतील. आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव आहे का, हे फी भरण्याआधी तपासा.