घोडा, स्वार आणि आपला चौक

शिल्प म्हणजे पुतळा आणि पुतळा म्हणजे थोर पुरुष, अशी आमची शाळेपासूनची समजूत. ती मुंबईच्या काळ्या घोड्याने मोडली.

सर अल्बर्ट ससून यांनी १८७९ साली शहराला एक अश्वारूढ पुतळा दिला. स्वार होता इंग्लंडचा युवराज, पुढे झालेला राजा सातवा एडवर्ड. लोकांनी मात्र राजाला बाजूस ठेवून घोड्याचा रंग तेवढा ध्यानात धरला आणि साऱ्या परिसराला ‘काळा घोडा’ म्हटले. १९६५ साली पुतळा राणीच्या बागेत हलला. घोडा गेला, स्वार गेला, नाव राहिले. १९९९ पासून त्या नावाने कलामहोत्सव भरू लागला. टाकाऊ वस्तूंच्या चमत्कारिक रचना रस्त्यावर दिसू लागल्या. २०१७ साली त्या नावाला पुन्हा घोडा मिळाला. पण पाठ रिकामी!

“स्वार कुठे?” असे पाहणारा विचारतो. तो प्रश्न सुचवणे, हेच या शिल्पाचे काम. जुना पुतळा मुजरा मागत होता. नवा विचार मागतो.

हे करंजाड्यात सांगण्यास कारण आहे. सिडकोच्या या वसाहतीत विमानतळासाठी घरदार सोडलेली कुटुंबेही वसली आहेत. त्यांचे जुने पार, जुन्या वाटा आता डोळ्यांपुढे नाहीत. उद्या आपल्या चौकात शिल्प उभारायचे ठरले, तर ‘कोणाचा पुतळा?’ याआधी ‘कशाची आठवण?’ हे विचारू या. नाव काय, ते लोक ठरवतीलच.