गावकुसाबाहेरून जाणारा रस्ता

रस्ता सर्वांचा असतो, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. ज्यांच्या बापजाद्यांना काही रस्त्यांवरून चालायची बंदी होती आणि उरलेले रस्ते झाडायची सक्ती होती, त्यांनी हे वाक्य जरा थांबून वाचावे. मी शिरूर तालुक्यातला. नोकरी बरीचशी दौंडला झाली. शिक्षकाची नोकरी, त्यामुळे सरकारी कागद वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येत. निवृत्तीनंतर ते येणे वाढले, आणि गेल्या काही वर्षांत येणाऱ्यांच्या हातातला कागद बहुतेक वेळा रस्त्याच्या भूसंपादनाचा असतो. म्हणून रस्ता कसा होतो आणि तो आपल्या वस्तीपाशी आला की नेमके काय घडते, हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

पुण्याहून पूर्वेला दोन मोठे रस्ते निघतात. एक वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगावावरून शिरूरला आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जातो. दुसरा हडपसर, लोणी काळभोर, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असा सोलापूरकडे जातो. या दोहोंच्या मधून भीमा वाहते. तिच्या उत्तरेला शिरूर, दक्षिणेला दौंड. शहर वाढते ते या दोन रस्त्यांना धरूनच. वाघोली २०२१ साली महानगरपालिकेत आली. दोन्ही तालुक्यांचा काही भाग २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ इथे कारखाने आले आणि चाकणच्या मालमोटारी शिक्रापूरला येऊन मिळाल्या. आता खराडी ते शिरूर आणि हडपसर ते यवत असे खांबांवरचे उन्नत रस्ते बांधण्याच्या योजनांना राज्य शासनाने मंजुरी दिली आहे. एकेकाळी शहराच्या पेठेतला रस्ता रुंद होई, आता शहराचा मुख्य रस्ता पन्नास किलोमीटर लांब होतो आहे.

यातल्या नगर रस्त्याविषयी आपल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरच्या छावणीतून निघाली आणि रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोचली. तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब जयस्तंभाला आले, तेव्हापासून या रस्त्याला आपल्या लेखी वेगळा अर्थ आला. १ जानेवारी २०१८ ला याच रस्त्यावर आपल्या माणसांवर दगड पडले, गाड्या जळाल्या. हल्ली दर १ जानेवारीला पोलीस नगरकडून येणारी वाहने शिरूरपाशी वळवतात. न्हावरे, पारगाव, चौफुला, यवत असा वळसा घालून ती पुण्याला जातात, म्हणजे शिरूरचा रस्ता दौंडच्या रस्त्याला जोडला जातो. वर्षातून एक दिवस आपल्या पायांसाठी मोटारींना वळसा घ्यावा लागतो. बाकीचे दिवस वळसा कोणाला पडतो, तो खरा विषय.

इंजिनिअर रस्ता आखतो तेव्हा त्याला जुने गावठाण नको असते. तिथे दाटीवाटीची घरे, देऊळ, वेस, वाडे. पाडायला महाग आणि पाडताना बोंब मोठी. म्हणून तो गावाला बगल देतो. गावाला बगल द्यायची म्हणजे गावाबाहेरून जायचे. आणि गावाबाहेर कोण राहतो? शेकडो वर्षांपूर्वी आपल्याला गावकुसाबाहेर बसवले. वतनात जमीन दिली ती हाडकी-हाडोळ्याची, मेलेली ढोरे ओढून टाकायच्या जागेजवळची, ओढ्याकाठची, माळाची. भूमिहीनांनी पोट भरायला नांगर घातला तो गायरानात. म्हणजे आखणी करणाऱ्याच्या मनात जात नसली तरी त्याची पट्टी नकाशावर सरकत सरकत येते ती याच जमिनींवर. जुन्या व्यवस्थेने आखलेल्या रेषेवरून नवी रेषा सहज ओढली जाते, त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही. मी पाहिलेल्या नोटिसांत हे इतक्या वेळा दिसले की गट नंबर वाचायच्या आधी मी विचारतो, जमीन वतनाची का गायरानाची?

गंमत अशी की जी जमीन बापाने फुकट दिली तरी कोणी घेतली नसती, तिला आज रस्त्यामुळे सोन्याचा भाव आहे. आणि नेमका तिच्यावरचा आपला कागदोपत्री हक्क सर्वांत कच्चा आहे. हे कसे झाले ते समजून घेतले पाहिजे.

महाराची जमीन ही गावकीच्या चाकरीचा मोबदला होती. वेशीची राखण, सांगावा नेणे, सरकारी ओझे वाहणे, वाटसरूला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणे, ही सगळी रस्त्याचीच कामे. सातबाऱ्यावर तिला ‘इनाम वर्ग ६ ब’ म्हणत. हे वतन म्हणजे गुलामीचा साखळदंड आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे १९५८ चा कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा कायदा झाला. त्याने चाकरी गेली, वतन गेले आणि जमीन सरकारजमा झाली. मग ती वतनदाराला परत द्यायची, त्याने आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरली तर. याला रीग्रँट म्हणतात. तिप्पट म्हणजे फार नव्हे, काही ठिकाणी चार-दोन रुपये. पण ही रक्कम भरायची असते हेच वाड्यात कित्येकांना कळले नाही. तलाठ्याने सांगितले नाही, दवंडी आपल्या बाजूला आली नाही, आणि जो दवंडी पिटायचा त्याचीच चाकरी संपली होती. रक्कम न भरलेल्या जमिनीवर सरकारचे नाव राहिले आणि कसणारा कायद्याच्या भाषेत अनधिकृत झाला. ज्यांनी भरली त्यांना जमीन मिळाली ती नवीन व अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, वाटून घेता येत नाही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असते ते हेच.

या शर्तीने जमीन वाचली असेही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. शर्त नसती तर दारूच्या उधारीपायी आणि लग्नाच्या कर्जापायी माळ केव्हाच पाटलाच्या खात्यात गेला असता. पण शर्त गरिबाला अडवते तेवढी पैसेवाल्याला अडवत नाही. कुलमुखत्यारपत्रे, साठेखते, मागील तारखांचे व्यवहार यांतून वतनाच्या जमिनी हातची गेल्याच. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीचे खरेदीखत महाराष्ट्रभर गाजले. ते एक मोठे म्हणून वर्तमानपत्रात आले एवढेच.

दुसरी अडचण घरातली. वतन एका माणसाचे नसे, साऱ्या भावकीचे असे. सातबाऱ्यावर पणजोबाचे नाव, त्याखाली पाच आणे, तीन आणे अशा तक्षिमा, आणि त्या पाच आण्यांचे आज चाळीस वारस. कोणी मुंबईला, कोणी दौंडच्या रेल्वे वसाहतीत, बहिणींची नावे लागलेलीच नाहीत. वारसनोंद करायला कोणी गेले नाही, कारण त्या माळातून निघणाऱ्या दोन पोती बाजरीसाठी कोण तहसिलीचे खेटे घालणार? अशा वेळी रस्ता येतो.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाने. त्याची पायरी-पायरी अशी. आधी कलम ३ए ची अधिसूचना राजपत्रात निघते आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातले एक मराठी. त्यात गट नंबर असतात. तेथून २१ दिवसांत कलम ३सी खाली लेखी आक्षेप घेता येतो. या २१ दिवसांत आपली माणसे सहसा ऊस तोडायला नाहीतर कंपनीच्या पाळीवर असतात. मग संयुक्त मोजणी होते. भूमी अभिलेखचा मोजणीदार, महामार्गाचा माणूस आणि जमीनधारक एकत्र उभे राहून किती क्षेत्र जाते ते ठरवतात. विहीर, झाड, घर, गोठा यांची नोंदही याच वेळी. माझे सर्वांना एकच सांगणे असते : बाकी सर्व चुकले तरी चालेल, मोजणीच्या दिवशी जागेवर हजर राहा. जी विहीर मोजणीच्या तक्त्यात नाही ती पुढे कोणत्याच न्यायालयाला दिसत नाही. त्यानंतर ३डी ची अधिसूचना निघते. ती निघाली की जमीन केंद्र सरकारची झाली, पैसे मिळोत न मिळोत. मग ३जी प्रमाणे मोबदला ठरतो. तो मान्य नसेल तर दिवाणी न्यायालयात नव्हे, लवादाकडे जायचे. ताबा देण्याच्या नोटिशीला ६० दिवसांची मुदत असते.

मोबदल्याचे गणित २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे होते. बाजारभाव, ग्रामीण भाग असेल तर त्याला गुणक, वर घर-झाडांची किंमत आणि या सगळ्याइतकीच रक्कम दिलासा म्हणून. जुन्या महामार्ग कायद्यात हा दिलासाच नव्हता. तो नाकारणे समानतेच्या विरुद्ध आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तरसेम सिंग खटल्यात ठरवले. कागदावर रक्कम चांगली असते. पण हिस्सा कोणाचा किती यावर वाद निघाला की सक्षम अधिकारी तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो आणि पैसा तिथे पडून राहतो. चाळीस वारस आणि एक पणजोबा असलेल्या सातबाऱ्यावर वाद निघणार नाही तर काय होईल? वर्ग २ म्हटले की आधी शर्तीचा आणि शासनाच्या हिश्श्याचा प्रश्न उभा राहतो. शेजारच्या वर्ग १ च्या बागाईतदाराचा धनादेश वटून त्याची नवी गाडी त्याच रस्त्यावरून धावू लागते, तोवर आपला माणूस वारसदाखल्याच्या तारखा मोजत असतो. दोघांचा दर एक, रस्ता एक, कायदा एक.

गायरानातल्यांची गोष्ट याहून कठीण. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची. पण नियमित व्हायचे तर त्या तारखेपूर्वीचा पुरावा हवा : दंडाची पावती, पीकपाहणीतली नोंद, पंचनामा. ज्याला तलाठ्याने अतिक्रमणदार म्हणून दंड केला त्याचे भाग्य, कारण त्याच्याकडे पावती आहे! ज्याला दयेने सोडले त्याच्याकडे काहीच नाही. महामार्गाच्या यादीत अशा गटापुढे फक्त ‘सरकार’ लिहिलेले असते. चाळीस वर्षे कसणारे कुटुंब त्या शब्दाच्या मागे दिसत नाही.

मात्र एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. २०१३ च्या कायद्यातील ‘बाधित कुटुंब’ म्हणजे केवळ जमीनमालक नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर राबणारा शेतमजूर, वाटेकरी, कारागीर, ज्याचे पोट त्या जमिनीवर होते, तोही त्यात येतो. पुनर्वसनाची दुसरी अनुसूची महामार्गाच्या संपादनालाही २०१५ साली लागू झाली. तिच्यात नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख, किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार, असे पर्याय आहेत. मी विचारतो तेव्हा बहुतेक माणसे म्हणतात, गुरुजी, आम्हाला कोणी सांगितलेच नाही. मागितल्याशिवाय ते मिळत नाही आणि माहीत नसलेले मागता येत नाही.

हे रस्ते बांधले कोणी, याचाही हिशेब कधीतरी व्हावा. १९७२ च्या दुष्काळात हे दोन्ही तालुके होरपळले. दुष्काळी कामांवर राज्यात मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. खडी फोडणे, मुरूम टाकणे, पाझर तलाव. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. माझी आई त्या कामावर खडी फोडत होती. मजुरीच्या जोडीला सुकडी मिळे, ती आम्ही पोरे वाटून खात असू. तिथे एका हौदाचे पाणी सर्वांना नव्हते, आमच्या बायकांचा हंडा वेगळा होता. दुष्काळानेही शिवाशिव मोडली नाही. पण आठवड्याची मजुरी रोख हातात आली, पाटलाच्या खळ्यावर बलुत्याला उभे राहावे लागले नाही, ही गोष्ट आई शेवटपर्यंत अभिमानाने सांगे. रस्त्याला मी सरसकट शत्रू म्हणत नाही तो यामुळे. त्याच रस्त्यावरच्या एस. टी. ने मी शाळेत गेलो आणि आमच्या वाड्यातली पोरे रांजणगावच्या कारखान्यांत पोचली.

आता उन्नत रस्त्याचा प्रश्न. खांबांवरून जाणाऱ्या रस्त्याला नवी जमीन कमी लागते असे सांगतात, आणि ते बव्हंशी बरोबर आहे. पण खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, खालचा रस्ता दोन्ही अंगांनी सरकतो, चढ-उताराच्या ठिकाणी पसरतो. त्या कडेलाच चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, चप्पल शिवणारा, भाजीवाली, बांधकाम मजुरांची पाले. यांच्या नावे सातबारा नाही, गट नंबर नाही, म्हणून ३ए च्या यादीत ती नाहीत. त्यांच्यासाठी रस्ता एके सकाळी जेसीबीच्या रूपानेच येतो. वीज बिल, ग्रामपंचायतीची कराची पावती, रेशनकार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, जे काही त्या जागेचा पत्ता दाखवते ते जपून ठेवावे आणि मोजणीच्या वेळी अधिकाऱ्यापुढे ठेवून पंचनाम्यात नोंद मागावी.

ज्यांचा गट यादीत आला आहे त्यांनी वारसनोंदीचा अर्ज आजच तलाठी कार्यालयात द्यावा, बहिणींच्या नावांसह. भावकीत हिस्से ठरले असतील तर ते सर्वांच्या सह्यांनी लिहून घ्यावेत, म्हणजे पैसा न्यायालयात अडकण्याचे कारण उरत नाही. १९५८ च्या कायद्याखालची रीग्रँटची पावती किंवा फेरफार घरात नसेल तर तहसिलीच्या अभिलेख कक्षात नक्कल मागावी. आक्षेपाला ठरावीक नमुना लागत नाही, साध्या कागदावर कारणांसह लिहिले तरी कायद्याला पुरते. सुनावणीची संधी द्यावीच लागते आणि वकिलाशिवाय स्वतः बोलता येते. अर्ज दोन प्रतींत न्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख पडल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.