दोन दशांश व्होल्टचा हिशेब

शाळेतला संगणक जुना झालेला असतो आणि नव्यासाठी पैसे नसतात. अशा वेळी बारावीचा एखादा उत्साही विद्यार्थी सुचवतो, 'सर, याचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू या.' म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा तो जास्त वेगाने चालवायचा. वेग वाढवून बटण दाबले, की कधी पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो. कधी विंडोज सुरू होता होता यंत्र अडते. मग जाणकार सांगतात, 'व्होल्टेज थोडे वाढवा.' पुष्कळदा तेवढ्याने यंत्र खरोखरच सुरू होते. असे का होते आणि हा उपाय कुठे थांबवायचा, ते आपण पाहू.

प्रोसेसरचे काम ठोक्यांवर चालते. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधला अवधी सुमारे ३.३ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात विद्युतसंकेत ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून पार होऊन स्थिर व्हावा लागतो. प्रत्येक ट्रान्झिस्टर म्हणजे एक कळ. ही कळ दाबली जाण्यासाठी तिच्या तोंडाशी असलेले एक अतिसूक्ष्म धारित्र भारित व्हावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

आगाशी-अर्नाळ्याकडच्या केळीच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चटकन समजेल. विहिरीचे किंवा बावखलाचे पाणी हौदात घ्यायचे आणि पाटाने एकेका आळ्यात सोडायचे. एक आळे ठरलेल्या खुणेपर्यंत भरले, की पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचे. आता पाणी वळवण्याची घाई केली तर आळी अर्धवटच भरतील. उपाय एकच : हौदातल्या पाण्याची पातळी उंच ठेवायची, म्हणजे पाणी जोराने येईल. प्रोसेसरमध्ये ही उंची म्हणजे विद्युतदाब. दाब वाढवला की धारित्राने गाठायची पातळीही थोडी वर सरकते, पण भारित करणारा प्रवाह त्याहून अधिक वाढतो. म्हणून संकेत लवकर पोचतो. पडदा काळा राहतो तेव्हा बहुधा एवढेच घडलेले असते, की पुढचा ठोका पडला तरी संकेत वाटेतच आहे.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे इंटेलचा १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए. याचा गुणक ४.५ असा पक्का केलेला होता. मदरबोर्डचा ठोका ६६ मेगाहर्ट्झ असताना तो ३०० वर चाले. बोर्डाचा ठोका १०० केला की ४.५ गुणिले १००, म्हणजे ४५०! याचा नेमून दिलेला दाब २.० व्होल्ट. काही नग तेवढ्यावरच ४५० ला चालत. काही मात्र अडून बसत आणि दाब २.२ केल्यावर सुरू होत.

पण ही उसनवारी आहे आणि तिची परतफेड उष्णतेने करावी लागते. धारित्रे भारित-विभारित होताना खर्च होणारी शक्ती ठोक्यांच्या संख्येच्या आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. वेग १.५ पट झाला. दाब १.१ पट झाला, त्याचा वर्ग १.२१. दोहोंचा गुणाकार १.८१५. मुळात हा प्रोसेसर जास्तीत जास्त सुमारे १९ वॅट उष्णता देई, ती आता जवळजवळ ३४ वॅट होणार. दोन दशांश व्होल्ट दिसायला किरकोळ, पण वर्गात शिरला की भारी पडतो. शिवाय तापलेला ट्रान्झिस्टर मंदावतो. म्हणून जानेवारीत सुरळीत चाललेली मांडणी मे महिन्याच्या उकाड्यात अडू शकते. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवाचा वापर केला आहे, तो उगीच नव्हे.

व्होल्टेजने बऱ्या न होणाऱ्या व्याधीही आहेत. जुन्या बोर्डांवर हार्ड डिस्कचे दळणवळण बोर्डाच्या ठोक्यावरच अवलंबून असे. ६६ चे निम्मे ३३, हा त्याचा योग्य वेग. ठोका ८३ केला की ते ४१ च्या वर जाई आणि डिस्कवर चुकीची माहिती लिहिली जाण्याची भीती असे. १०० वर बोर्ड तिनाने भागे, म्हणून वेग पुन्हा ३३ च्या आसपास येई. म्हणजे १०० पेक्षा ८३ धोक्याचे! ज्या डिस्कवर दहावीचे गुण साठवलेले आहेत, तिथे प्रोसेसरचे व्होल्टेज कितीही वाढवले तरी हा धोका टळत नाही.

म्हणून आम्ही असा क्रम सुचवतो. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. यंत्र अडले तर बोर्डावरच्या जंपरने सगळे मूळ स्थितीला आणावे. तरीही ते सुरू झाले नाही, तर दोष वेगात नाही. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या पट्टीची टोके गंजतात. वीज बंद करून ती खोडरबराने हलकेच पुसावीत. ते जमले, की वेग थोडाथोडा वाढवावा. अडले तरच दाब सर्वांत लहान पायरीने वर न्यावा. नेमलेल्या दाबाच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. नुसते सुरू झाले म्हणजे काम फत्ते झाले असे नाही. काही तास जड गणिते करवून आणि तापमान पाहूनच विश्वास ठेवावा.

जास्त दाबाची दुसरी किंमत उशिरा कळते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर ठरलेल्या वेगावरही अडू लागले. २०२४ मध्ये कंपनीने कारण सांगितले : प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त दाब मिळत होता. त्यामुळे आतल्या ठोक्यांचे मंडल झिजत होते आणि त्याला चालण्यासाठी लागणारा किमान दाबच वर सरकत होता. म्हणजे काल पुरणारे व्होल्टेज आज पुरत नाही. अशा वेळी ते आणखी वाढवले तर झीजही वाढते.

हा प्रयोग मुलांना जरूर करू द्यावा, पण मोडीत निघालेल्या यंत्रावर. कार्यालयातल्या यंत्रावर नव्हे.