माझ्याकडे चालतो, तिकडे का नाही?

बुलढाणा जिल्ह्याचा पाऊस एका आकड्यात मांडता येत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत. मेहकर, लोणार वर. शेगाव, मलकापूर खाली. समजा, शेगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने १३ तालुक्यांच्या नोंदी वाचून दोन्ही भागांची सरासरी आणि आलेख काढणारी पायथनची स्क्रिप्ट लिहिली. तिच्या लॅपटॉपवर ती बिनचूक चालते. मेहकरच्या ज्या शेतकरी गटाला ती हवी आहे त्यांच्या संगणकावर पायथन नाही, म्हणून ती स्क्रिप्टची एक्सई फाइल करून पेन ड्राइव्हवर देते. तिथे डबल क्लिक केले की काळी खिडकी क्षणभर उघडते आणि मिटते. पुढे काहीच होत नाही.

कोड तोच आहे, तर मग बिघडले काय? स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या संगणकावर कितीतरी गोष्टी न सांगता हजर असतात आणि स्क्रिप्ट त्यांच्यावर विसंबून असते. दुसऱ्या संगणकावर त्या नसतात. एक्सईच्या बांधणीनंतरचे बहुतेक बिघाड हे असे आधीपासूनच कोडमध्ये दडलेले असतात.

गीदो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये जगासमोर आणलेली पायथन ही भाषा इंटरप्रिटरच्या मदतीने चालते. एक्सई बनवणारे पायइन्स्टॉलरसारखे साधन स्क्रिप्टचे यंत्रभाषेत रूपांतर करत नाही. ते इंटरप्रिटर, लायब्ररी आणि आपला कोड एकत्र बांधून देते, प्रवासाला निघणाऱ्याबरोबर शिदोरी द्यावी तसे. त्यात काय घालायचे हे ते कोड वाचून ठरवते. लायब्ररी बोलावणारी 'इम्पोर्ट'ची प्रत्येक ओळ धरून ते एका लायब्ररीतून दुसरीत जाते आणि यादी तयार करते.

अडचण इथेच आहे. काही प्रोग्राम कोणती लायब्ररी हवी हे चालता चालता ठरवतात; समोरच्या फाइलचा प्रकार पाहून नाव तयार करतात आणि मग ती बोलावतात. असे नाव कोडमध्ये कुठेच लिहिलेले नसते, त्यामुळे नुसते वाचून ते सापडत नाही. ही एखाद्या साधनाची उणीव नव्हे. कोणताही प्रोग्राम पुढे थांबेल की नाही, हे आधीच सांगणारी सार्वत्रिक पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. प्रोग्राम चालताना काय काय मागेल, या प्रश्नालाही तीच मर्यादा लागू होते. म्हणून अशी 'हिडन इम्पोर्ट' बांधणी करणाऱ्या माणसालाच साधनाला सांगावी लागतात.

बिघाडांचा दुसरा मोठा गट फाइलींचा. तालुक्यांची यादी, नकाशा, फॉन्ट या गोष्टी 'इम्पोर्ट'मध्ये येत नाहीत, त्यामुळे न सांगता त्या सोबत जात नाहीत. गेल्या तरी नेमक्या कुठे गेल्या, हा प्रश्न उरतो. 'वनफाइल' म्हणजे सगळे एकाच फाइलीत बांधण्याच्या पद्धतीची एक्सई सुरू होताना आपला सगळा ऐवज एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि बंद होताना तो फोल्डर पुसून टाकते. आजचा पाऊस नोंदवून प्रोग्रामने ती फाइल आपल्या कोडशेजारी ठेवली, तर प्रोग्राम बंद होताच नोंद गेली. त्रुटीचा संदेशही येत नाही. हा सगळ्यांत घातक बिघाड, कारण माणसाला वाटते की नोंद झाली आहे. सोबत दिलेल्या फाइली फक्त वाचायच्या आणि नव्या नोंदी वापरणाऱ्याच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये ठेवायच्या, हा त्यावरचा खात्रीचा मार्ग.

मराठीत काम करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितले नाही, तर विंडोजवर पायथन आजवर त्या संगणकाची ठरलेली सेटिंग धरत आला आहे. एका संगणकावर 'चिखली' हे तालुक्याचे नाव नीट दिसते, दुसऱ्यावर तिथे निरर्थक चिन्हे येतात किंवा प्रोग्राम कोसळतो. प्रत्येक फाइल उघडताना 'यूटीएफ-८' असे स्पष्ट लिहिले की हा प्रश्न मिटतो.

संगणकाचे वयही पाहावे लागते. पायथन ३.९ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत आणि ६४ बिटची एक्सई ३२ बिटच्या विंडोजवर उघडत नाही. लिनक्सवर बांधलेला प्रोग्रामही विंडोजवर चालणार नाही. ज्या प्रणालीसाठी हवा तिच्यावरच तो बांधावा लागतो. अँटिव्हायरसने निर्दोष एक्सई अडवणे हेही नेहमीचे, कारण स्वतःला उलगडून चालण्याची हीच रीत काही घातक प्रोग्रामही वापरतात.

मग शोध कसा घ्यायचा? आधी मिटणारी खिडकी थांबवायची. कमांड प्रॉम्प्ट स्वतः उघडून त्यातून एक्सई चालवली, की त्रुटीचा संदेश पडद्यावर राहतो. त्याची शेवटची ओळ आधी वाचावी. 'मॉड्यूल सापडले नाही' असे असेल तर लायब्ररी राहिली, 'फाइल सापडली नाही' असे असेल तर फाइल राहिली किंवा तिचा मार्ग चुकला. बांधणी करताना 'बिल्ड' फोल्डरमध्ये इशाऱ्यांची एक फाइल तयार होते. न सापडलेल्या मॉड्यूलची नावे तिच्यात असतात. त्यातली बरीच निरुपद्रवी असली, तरी संशयिताचे नाव बहुधा तिथेच मिळते. एकच फाइल करण्याचा मोह आवरून सुरुवातीला फोल्डर पद्धतीने बांधावे, म्हणजे आत काय गेले ते डोळ्यांनी तपासता येते. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही.

आणि शेवटची चाचणी कधीच स्वतःच्या संगणकावर करू नये. तिथे पायथन आहे, लायब्ररी आहेत, फॉन्ट आहेत. राहिलेली वस्तू तिथे गुपचूप मिळून जाते. ज्यावर पायथन कधीच टाकलेले नाही असा संगणक किंवा आभासी यंत्र घ्यावे आणि आंतरजाल बंद करून प्रोग्राम चालवावा.

जिल्ह्याच्या गरजा ओळखणारी छोटी साधने इथल्याच मुलामुलींनी लिहायला हवीत. घाटावरचा आणि घाटाखालचा पाऊस वेगळा मोजला पाहिजे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. पण दुसऱ्याच्या टेबलावर चालेपर्यंत साधन पुरे झाले असे मानू नये. अनोळखी संगणकावरची ही तपासणी कोड लिहिण्याइतकीच महत्त्वाची आहे, आणि शिकवतानाही तिला तेवढाच वेळ मिळाला पाहिजे.