नळीची स्वच्छता आणि रायफलचा नेम

साफ करून तेल लावलेल्या शिकारी रायफलची पहिली गोळी पुष्कळदा नेहमीच्या जागेपासून किंचित सरकून लागते, कारण उरलेल्या तेलामुळे नळीतील घर्षण आणि दाब बदलतात. नळीतील मळसूत्री खाचा, म्हणजेच रायफलिंग, गोळीला भोवऱ्यासारखी फिरवून स्थिर ठेवतात. मात्र प्रत्येक बारानंतर दारूची काजळी आणि गोळीच्या आवरणातील तांबे तेथे साचते. पातळ थराने पृष्ठभागाचा खडबडीतपणा भरून निघून घर्षण एकसारखे होते, तर जाड थरामुळे गोळ्या विखुरतात. म्हणून सफाईनंतर तेल पुसून एक-दोन बार काढणे आणि नळीच्या मुखाची कड झिजू नये यासाठी सफाईची सळई शक्यतो मागील बाजूनेच घालणे हितकारक ठरते, कारण गोळी सुटताना वायूचा दाब सर्व बाजूंनी समान राहणे त्याच कडेवर अवलंबून असते.