शूटिंगची परवानगी नेमकी मागायची कुणाकडे?

मागच्या वर्षी आम्ही चार मित्रांनी एक शॉर्टफिल्म करायला घेतली. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, कॅमेरासुद्धा भाड्याचा. एका सरकारी जागेच्या गेटवर वॉचमनकाकांनी विचारलं, "पत्र कुठंय?" पत्र नव्हतंच. कॅमेऱ्याचं भाडं गेलं, हिरोची मिनतवारीने मिळालेली रजाही गेली. चूक आमचीच. म्हणून आजचा एपिसोड.

पहिली गोष्ट, सगळीकडे चालेल असा एकच कागद नसतो. जागा कुणाच्या ताब्यात आहे, त्यावर सगळं ठरतं. आपल्या नगर जिल्ह्यातच, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये बघा. चांदबीबी महाल, जी खरं तर सलाबत खानाची कबर आहे, ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. फिरायला जाऊन मोबाइलवर फोटो काढणं वेगळं आणि कलाकार, लाइट, स्टँड घेऊन जाणं वेगळं. त्यासाठी त्यांचं लायसन्स लागतं. १९४२ मध्ये नेहरूंना जिथे कैदेत ठेवलं तो भुईकोट किल्ला लष्कराकडे. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आणि परवानगी वन विभागाची. भंडारदरा धरणाची भिंत हवी असेल तर जलसंपदा विभाग. शिर्डीच्या समाधी मंदिरात तर मोबाइलच नेता येत नाही.

गावात शूट असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र घ्या. कुणाच्या वाड्यात किंवा शेतात असेल तर मालकाची लेखी संमती. तोंडी "या की" वर जाऊ नका. रस्त्यावर गर्दी होणार असेल तर पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या.

मोठं प्रॉडक्शन असेल तर गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ 'एक खिडकी' योजना चालवतं, तिथे ऑनलाइन अर्ज होतो.

आता ड्रोन. २०२१ च्या नियमांनुसार आधी डिजिटल स्कायचा नकाशा बघायचा. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, लाल झोनमध्ये केंद्र सरकारची लागते. नगरमध्ये लष्कराच्या जागा बऱ्याच आहेत, त्यामुळे अंदाजाने उडवू नका. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन कमाईच्या कामासाठी उडवायचा असेल, तर पायलटकडे प्रमाणपत्र हवं.

अर्जात तारीख, वेळ, माणसं किती आणि सामान काय, हे स्पष्ट लिहा. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हेच केलं. त्याच काकांनी पत्र वाचलं, गेट उघडलं आणि वर चहाही पाजला.

आणि हो, पत्राची प्रिंट खिशात ठेवा. डोंगरावर रेंज नसते!