हो-नाहीतून मोजलेली वीज

घरातल्या अनेक इलेक्ट्रॉनिक मीटरांत धातूची एक छोटीशी पट्टी असते. घरात वापरला जाणारा सगळा विद्युतप्रवाह तिच्यातून जातो. तिला शंट म्हणतात. तिचा रोध मुद्दाम अगदी कमी ठेवलेला असतो, समजा ०.०००३ ओम. २००० वॅटचा गिझर लावला की सुमारे ८.७ अँपियर प्रवाह वाहतो आणि पट्टीच्या दोन टोकांमध्ये २.६ मिलिव्होल्टचा फरक पडतो. गिझर बंद केला, फक्त झिरोचा दिवा चालू ठेवला (नावाला झिरो, पण जुना, तारेचा असेल तर साधारण १५ वॅट खाणारा), तर हाच फरक २० मायक्रोव्होल्टवर येतो. एका व्होल्टचे ५० हजार भाग केले तर त्यातला एक! मीटरला दोन्ही मोजायचे असतात, तेही त्याच पट्टीवरून.

पट्टी तांब्याची का नाही? तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. पट्टी २० अंशांनी तापली तर तेवढीच वीज वापरूनही आकडा ८ टक्क्यांनी फुगेल. म्हणून मँगनीन वापरतात. तांबं, मँगनीज आणि निकेलच्या या मिश्रधातूचा रोध तापमानाने जवळजवळ बदलतच नाही.

आता खरं नवल. पट्टीवरचा विद्युतदाब सेकंदाला ५० आवर्तनं करत अखंड वरखाली होतो आणि हिशेब करणाऱ्या चिपला हवे असतात आकडे. मधलं काम एडीसीचं, म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरचं. इतकं बारीक मोजायचं तर त्याच्याकडे लाखो खुणांची मोजपट्टी असेल असं वाटतं. पण मीटरांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सिग्मा-डेल्टा एडीसीच्या मुळाशी बहुधा एकच तुलनाकार असतो आणि त्याला दोनच उत्तरं येतात: जास्त किंवा कमी.

दोन उत्तरांतून २० मायक्रोव्होल्ट कसे सापडतात? एक दुकानदार डोळ्यांसमोर आणा. त्याच्याकडे सुटे कधीच नसतात, तो फक्त दहाची नोट घेतो किंवा काहीच घेत नाही, उरलेली बाकी मात्र वहीत पुढे ओढतो. तुम्ही रोज ७ रुपये ३० पैशांचा माल नेता. कोणत्याही एका दिवसाचा व्यवहार चुकीचाच, कधी १० तर कधी ०. पण १०० दिवसांनी नोटा मोजा, नेमक्या ७३ भरतील. चूक टळलेली नाही, पण एकही चूक टाकून दिलेली नाही. एडीसीही हेच करतो: दिलेलं उत्तर आणि खरा दाब यांतला फरक साठवून पुढच्या उत्तरात धरतो. टोकियो विद्यापीठात हिरोशी इनोसे आणि यासुहिको यासुदा यांनी १९६२ मध्ये ही मांडणी पुढे आणली. मला ती मोजमापाच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

मीटरच्या चिपमध्ये ही वही सेकंदाला सुमारे ९ लाख वेळा लिहिली जाऊ शकते, म्हणजे विजेच्या एका आवर्तनात १८ हजार हो-नाही. शिवाय बाकी पुढे ओढण्याचा एक अद्भुत परिणाम होतो. चुकांची खरखर ५० हर्ट्झच्या आसपास राहत नाही, ती फार वरच्या वारंवारतांकडे ढकलली जाते. मग डिजिटल गाळणी वरचं सगळं छाटते आणि खाली स्वच्छ आकडा उरतो.

शेजारीच दुसरा एडीसी २३० व्होल्टचा दाब रोधांच्या साखळीने लहान करून असाच मोजत असतो. क्षणाक्षणाचा दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार करून बेरीज ठेवली की खर्च झालेली ऊर्जा मिळते. दाब आणि प्रवाह यांचे चढउतार एकाच तालात नसले, जसे पंख्याच्या मोटारीत नसतात, तरी हिशेब बरोबर येतो.

हे तपासणं तुमच्या हातात आहे. मीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं छापलेलं असेल, तर लाल दिव्याची प्रत्येक उघडझाप म्हणजे ११२५ ज्यूल. बाकी सगळं बंद करून १००० वॅटची इस्त्री लावा आणि ती तापत असताना एका उघडझापीला घड्याळ सुरू करून पुढच्या आठ मोजा. ९ सेकंद लागायला हवेत.